सोळाव्या वर्षापूर्वींचें शिक्षण

पुत्र सोळा वर्षांचा झाला म्हणजे त्याच्याशीं मित्रत्वानें वागावें, या अर्थाचें सुभाषित आमच्या घराघरांत इतकें परिचित आहे कीं, मुलाचा आवाज फुटूं लागला म्हणजे कोणी ना कोणी वडीलधारें माणूस तें त्याच्या बापाला ऐकवितेंच. सुभाषित चांगलें आहे. परंतु त्यांत सांगितलें आहे तें बापाच्या वर्तनाविषयीं. त्या वयापर्यंत मुलानें काय शिकलेलें असावें, राग आला असतां त्यानें काय करावें, अपमान कसा पचवावा, भीति कोणापाशीं बोलून दाखवावी, याविषयीं तें मौन धरून आहे. शिवाय ज्याच्याशीं आजवर केवळ आज्ञेच्या भाषेंत बोलणें झालें, त्याच्याशीं सोळाव्या वाढदिवशीं एकाएकीं मैत्री कशी जुळावी, हाहि प्रश्न उरतोच. म्हणून या महिन्यांत आम्ही वाचकांपुढें जो विषय मांडणार आहों, तो सोळाव्या वर्षाचा नसून त्याच्या आधींच्या पांच-सहा वर्षांचा आहे.

विषयाचें नांव नवें आहे, वस्तु जुनी आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें सन १९९३ मध्यें शाळांकरितां ‘जीवनकौशल्यां’ची एक योजना मांडली. तींत दहा कौशल्यें गणलीं आहेत: निर्णय घेणें व अडचण सोडविणें, नवा विचार करणें व चिकित्सेनें विचार करणें, आपलें म्हणणें नीट सांगणें व माणसें जोडून ठेवणें, स्वतःला ओळखणें व दुसऱ्याचें मन जाणणें, आणि शेवटीं, भावना आवरणें व ताण सोसणें. याच संघटनेच्या गणनेप्रमाणें वयाच्या १० पासून १९ पर्यंतचा काळ ही किशोरावस्था होय. यांपैकीं शेवटचीं दोन कौशल्यें आम्हांला सर्वांत महत्त्वाचीं वाटतात. कारण तीं नसलीं म्हणजे उरलेलीं आठ ऐन वेळीं उपयोगीं पडत नाहींत. संतापानें थरथरणाऱ्या मुलाला चिकित्सक विचार सुचत नसतो.

येथें ‘कौशल्य’ हा शब्द ध्यानांत घेण्यासारखा आहे. आम्ही आपल्या मुलांना उपदेश पुष्कळ करतों. ‘रागावूं नये’, ‘घाबरूं नये’, ‘रडूं नये’, हीं वाक्यें प्रत्येक घरांत दिवसांतून एकदां तरी उच्चारलीं जातात. परंतु विहिरीच्या कांठावर उभें राहून ‘बुडूं नकोस’ असें सांगितल्यानें कोणी पोहावयास शिकल्याचें ऐकिवांत नाहीं. त्याकरितां पाठीला भोपळा बांधून, जाणत्या माणसानें पाण्यांत उतरून, शांत दिवशीं धडे द्यावे लागतात. महापूर आला असतां पोहण्याचा पहिला पाठ कोणी देत नाहीं. भावनांचेंहि तसेंच आहे. ज्या संध्याकाळीं मुलानें दप्तर भिरकावून दिलें, ती संध्याकाळ शिकविण्याची नव्हे. त्याआधींच्या शेंकडों साध्या संध्याकाळीं त्यासाठीं असतात.

या वयांत असें वादळ कां उठतें, हें पालकांना थोडें तरी ठाऊक असावें. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जी. स्टॅन्ले हॉल यांनीं सन १९०४ मध्यें किशोरावस्थेवर दोन खंडांचा ग्रंथ लिहून या काळाला वादळी काळ म्हटलें. पुढें मेंदूचीं चित्रें घेण्याचीं यंत्रें निघालीं, आणि सन १९९९ मध्यें जे गीड व त्यांच्या सहकाऱ्यांनीं एकाच मुलाचीं अशीं चित्रें वर्षानुवर्षें घेऊन दाखविलें कीं, मेंदूची घडण बालपणीं पुरी होत नसून किशोरवयांतहि चालू राहते. आज हें सर्वमान्य आहे कीं, कपाळामागील जो भाग विचार करतो, थांबवितो व परिणामाचें भान ठेवतो, तो पक्व होण्यास विशीचा मध्य उजाडतो; भय व क्रोध चेतविणारा आंतील भाग मात्र त्याच्या पुष्कळ आधीं जोरांत येतो. घोडा तरणा झालेला आणि लगाम अजून वळला जात आहे, अशी ही स्थिति असते. यावरून मुलाला सर्व माफ आहे असें कोणीं समजूं नये. लगाम आपोआप वळला जात नाहीं. तो रोजच्या सवयीनें वळावा लागतो, आणि हें शिक्षणाचें काम आहे.

पहिला पाठ नांव देण्याचा. आजच्या मुलांच्या तोंडीं ‘टेन्शन’ हा एक शब्द बसला आहे. परीक्षेची धास्ती असो, मित्रानें न बोलावल्याचा हिरमोड असो, चारचौघांत खजील व्हावें लागलें असो, कीं नुसता थकवा असो, सर्वांना टेन्शन. सर्व दुखण्यांना ‘आजार’ एवढेंच म्हणणाऱ्या रोग्याला वैद्य औषध काय देणार ? वास्तविक आमच्या परंपरेंत या शब्दांची केवढी श्रीमंती आहे ! भरतमुनींच्या नाट्यशास्त्रांत आठ स्थायी भाव, तेहतीस व्यभिचारी भाव आणि आठ सात्त्विक भाव, असे एकूण ४९ भाव वर्णिले आहेत. तेहतीसांच्या त्या यादींत केवळ ‘राग’ नाहीं. तेथें दुसऱ्याचा उत्कर्ष न सोसणारी असूया निराळी, अपमानानें पेटणारा अमर्ष निराळा, आणि लाजेची व्रीडा, खचलेल्याचें दैन्य, हताशाचा विषाद, दचकलेल्याचा त्रास हे सारे निरनिराळे आहेत. मनांतलें लपविण्याच्या भावालाहि तेथें अवहित्थ असें स्वतंत्र नांव आहे, आणि तरुण मुलाच्या घरांत त्याचा अनुभव नाहीं असा पालक विरळा. सात्त्विक भाव तर शरीरावर उमटणारे: घाम, कंप, रोमांच, स्वरभंग, चेहरा पांढरा पडणें, डोळे भरून येणें, अंग ताठरणें, भान हरपणें. नटासाठीं लिहिलेल्या या शास्त्रांत पालकांना उपयोगी असा केवढा कोश पडून आहे !

हा केवळ संस्कृताचा अभिमान नव्हे. कॅलिफोर्निया विद्यापीठांतील मॅथ्यू लीबरमन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं सन २००७ मध्यें असें प्रसिद्ध केलें कीं, समोरच्या चित्रांतील भावनेला शब्दानें नांव दिलें असतां मेंदूंतील भय-क्रोध चेतविणाऱ्या भागाची खळबळ उतरते व कपाळाकडील भाग कामाला लागतो. नांव देणें हाच आवरण्याचा आरंभ आहे, असा याचा मथितार्थ.

आतां हें घरांत कसें करावें, तें एका उदाहरणानें सांगतों. आठवीच्या मुलाला गणितांत ६२ गुण मिळाले व त्याच्या शेजारच्याला ९१. मुलगा घरीं येऊन ताट सारतो व धाकट्या बहिणीवर ओरडतो. येथें ‘रागावूं नकोस’ म्हणणें म्हणजे रोगाचें नांवच चुकविणें आहे. कारण वरवर दिसतो तो राग, आंत असूया असूं शकेल, व्रीडा असूं शकेल, किंवा ‘आतां बाबा काय म्हणतील’ हा त्रास असूं शकेल. प्रत्येकाचा उपाय वेगळा. असूया असेल तर तुलना थांबवावी लागते, आणि बहुधा ती मुलाआधीं आईबापांनींच थांबवावी लागते. व्रीडा असेल तर त्याला थोडा वेळ एकटें राहूं द्यावें. त्रास असेल तर बाबांनींच पुढें होऊन दोन शब्द बोलावे. म्हणून ओरडणें ओसरल्यावर हलकेच विचारावें, ‘काय रे, वाईट वाटलें, कीं लाज वाटली, कीं भीति वाटते ?’ प्रथम उत्तर येणार नाहीं. पांच-सात वेळां विचारल्यावर एखादे दिवशीं येईल, आणि पुढें तो स्वतःच आपल्या मनाला असा प्रश्न घालूं लागेल. हें विचारणें समोरासमोर बसून, डोळ्याला डोळा लावून करूं नये. तो झडतीचा प्रकार होतो. भाजी निवडतांना, बाजारांत जातांना, सायकल पुसतांना, हात कामांत असतां मुलांचीं तोंडें सहज उघडतात, हें आम्हीं वर्गाबाहेर पुष्कळ वेळां पाहिलें आहे.

दुसरा पाठ थांबण्याचा. गीतेच्या दुसऱ्या अध्यायांत माणूस कसा घसरत जातो त्याच्या पायऱ्या सांगितल्या आहेत: विषयाचें चिंतन, त्यांतून आसक्ति, तींतून काम, कामांतून क्रोध, क्रोधांतून संमोह, मग स्मृतीचा भ्रंश आणि शेवटीं बुद्धीचा नाश. बहुतेक घरांत मुलाला अडविण्याचा प्रयत्न होतो तो क्रोधाच्या पायरीवर, म्हणजे अर्धा जिना घसरून झाल्यावर. खरी सोपी जागा पहिल्या पायरीवर आहे: तेंच तें मनांत घोळविणें. आजच्या मुलाच्या उशाशीं तर घोळविण्याचें यंत्रच असतें. सायंकाळीं मित्रांच्या गटांत कोणीं टिंगल केली, तर तो संदेश मुलगी रात्रीं अकरापर्यंत वीस वेळां वाचते आणि एकविसाव्या वेळीं असें कांहीं लिहून बसते कीं, सकाळीं तिला तोंड लपवावें लागतें. त्यासाठीं घराचा एक नियम असावा कीं, मनाला लागलेल्या संदेशाचें उत्तर त्या रात्रीं द्यावयाचें नाहीं, आणि रात्रीं मोबाइल निजावयाच्या खोलींत नसावा. हा नियम आईबापांनाहि लागू असावा, नाहीं तर तो नियम न राहतां शिक्षा होईल. झोपेचा हिशेबहि येथेंच येतो. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना रोज ८ ते १० तास झोप हवी, असें अमेरिकेंतील निद्रावैद्यकाच्या संस्थेनें सन २०१६ मध्यें सांगितलें. शिकवणीचे दोन वर्ग व पहांटेचा अभ्यास यांमध्यें सहा तास निजणाऱ्या मुलाच्या चिडखोरपणाला स्वभाव म्हणणें हा त्याच्यावर अन्याय आहे.

थांबावयाचें कसें, याचें साधन आमच्या घरांत मुंजीपासून दिलेलें असतें. परंतु तें नाक धरण्याच्या उपचारापुरतें उरलें. श्वास सावकाश सोडला असतां हृदयाची गति मंदावते, हें शरीरशास्त्राचें सिद्ध वचन आहे. आणि पतंजलींनींहि चित्तप्रसादाच्या उपायांत श्वास सोडण्याला व रोखण्याला स्थान दिलें आहे. मुलांना एवढेंच शिकवावें: चार अंक मोजीत श्वास घ्यावा, सहा-सात अंक मोजीत सोडावा, असें दहा वेळां. मुंज झालेल्या मुलालाच नव्हे, त्याच्या बहिणीलाहि. आणि हें रोज दिवेलागणीला, मन शांत असतां, घरांतल्या सर्वांनीं मिळून करावें. शांतपणीं न केलेला अभ्यास परीक्षागृहांत आठवत नाहीं.

तिसरा पाठ मनाशीं बोलण्याचा. समर्थांचे मनाचे श्लोक २०५ आहेत, आणि आमच्यापैकीं अनेकांच्या घरीं ते सायंकाळीं म्हटले जात. त्यांची एक रीति आम्हांला आज नव्यानें जाणवते. तेथें माणूस ‘मी’ म्हणून रडत बसत नाहीं. तो आपल्या मनाला हांक मारतो, त्याला समोर बसवितो व समजावितो. सन २०१४ मध्यें ईथन क्रॉस या मिशिगन विद्यापीठांतील मानसशास्त्रज्ञानें सहकाऱ्यांसह प्रयोग करून दाखविलें कीं, भाषणापूर्वीं घाबरलेल्या माणसांपैकीं ज्यांनीं स्वतःशीं बोलतांना ‘मी’ न म्हणतां स्वतःला नांवानें किंवा ‘तूं’ म्हणून संबोधिलें, त्यांचा घाबरेपणा कमी राहिला व भाषणहि अधिक चांगलें झालें. तेव्हां मुलीला सांगावें, ‘तुझ्या जागीं तुझी मैत्रीण असती तर तिला काय सांगितलें असतेंस ? तेंच स्वतःला, नांव घेऊन, सांग.’

परंतु मनाला सांगावयाचें तें खरें असलें पाहिजे. अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसोपचारज्ञानें सन १९५५ पासून जी विवेकनिष्ठ उपचारपद्धति रूढ केली, तिचें सार असें कीं, माणसाला केवळ घटना छळीत नाहीं, तर तिच्याविषयीं त्यानें धरलेली समजूत छळते. हा विचार ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्टेटस याच्याकडून आपणांस मिळाला, असें एलिस स्वतः सांगत. आणि मराठी वाचकांना त्याची ओळख कि. मो. फडके यांनीं करून दिली आहे. उदाहरण घ्या. ‘मला ६२ गुण मिळाले’ ही घटना. ‘म्हणून मी कुचकामी’ ही समजूत. पहिलें वाक्य खरें, दुसरें खोटें. पण मुलगा दोन्ही एकाच दमांत म्हणतो. त्याला कागदावर दोन रकाने पाडावयास सांगावें: एकांत घडलें तें, दुसऱ्यांत मनानें जोडलें तें. मग दुसऱ्या रकान्याला पुरावा मागावा. ‘छे, तूं तर हुशार आहेस’ असें खोटें गोड बोलून हें काम होत नाहीं. ‘गुण कमी आहेत, भूमिति कच्ची आहे, आणि तिच्यासाठीं अजून चार महिने आहेत’ असें खरें बोलूनच होतें.

येथें एक आक्षेप आम्हांस ऐकूं येतो. ‘आमच्या लहानपणीं हें कोणी शिकविलें ? आम्ही वाढलोंच ना !’ आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून उत्तरहि प्रामाणिक दिलें पाहिजे. एक तर त्या घरांत माजघर होतें, ओसरी होती, आजी होती, माहेरीं आलेली आत्या होती. बापानें फटकारलेल्या मुलाला जवळ घेणारा दुसरा हात त्याच छपराखालीं सांपडे. आजच्या तीन खोल्यांच्या घरांत बाप रागावला व आई गप्प राहिली कीं घर संपतें. दुसरें असें कीं, वाढलेले सारेच धड वाढले असें नाहीं. मनांतल्या मनांत कुढणारीं माणसें त्याहि पिढीनें पाहिलीं. त्यांना ‘मानी’, ‘अबोल’, ‘तऱ्हेवाईक’ अशीं नांवें मिळालीं, इलाज मिळाला नाहीं. मुलग्याला ‘बायकांसारखा रडतोस काय ?’ असें दरडावून त्याचे अश्रु बंद केले, आणि मुलीला ‘मुलीच्या जातीला राग शोभत नाहीं’ म्हणून तिचा राग बंद केला. कोंडलेल्याचें काय होतें, तें जेम्स ग्रॉस यांनीं सन १९९८ मध्यें प्रयोगानें दाखविलें: किळसवाणा चित्रपट पाहतांना ज्यांनीं चेहऱ्यावर कांहीं दिसूं दिलें नाहीं, त्यांची आंतली किळस कमी झाली नाहीं, उलट शरीराची खळबळ वाढली, ज्यांनीं त्या दृश्याकडे पाहण्याची दृष्टि बदलली, त्यांना किळस कमी वाटली. आवरणें व कोंडणें यांतला भेद याहून स्पष्ट काय सांगावा ?

आणि हे सारे पाठ एका बाजूनें शिकवितां येत नाहींत. बाप चहा गार झाला म्हणून कप आदळतो, आई तीन दिवस अबोला धरते, आणि मुलानें मात्र श्वास मोजावा, हें व्हावयाचें नाहीं. मूल कानानें थोडें व डोळ्यांनीं फार शिकतें. घरांत भांडण होऊं नये असें आम्ही म्हणत नाहीं; तें अशक्य आहे. पण भांडण मुलांदेखत झालें तर समेटहि मुलांदेखत व्हावा. ‘मघाशीं मी चिडून बोललों, तें बरोबर नव्हतें’ हें वाक्य बापाच्या तोंडून ऐकलेला मुलगा तें पुढें आपल्या बायकोपाशींहि बोलूं शकेल.

शेवटीं एक गोष्ट स्पष्ट शब्दांत लिहिणें आम्ही कर्तव्य समजतों. घरगुती उपाय सर्दीला चालतात, विषमज्वराला नाहीं. मूल दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास असेल, खाणें-निजणें बिघडलें असेल, आवडत्या गोष्टी सुटल्या असतील, मित्र तुटले असतील, किंवा ‘मी नसतों तर बरें झालें असतें’ असे शब्द त्याच्या तोंडून निघाले असतील, तर तें नाटक आहे किंवा वयाचा दोष आहे असें म्हणून सोडूं नये. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालाप्रमाणें सन २०२२ या एका वर्षांत आपल्या देशांत १३,००० हून अधिक विद्यार्थ्यांनीं आपलें जीवन संपविलें. त्यांतील प्रत्येक आंकडा हें एक घर आहे. ‘जीव नकोसा होतो का रे ?’ असें सरळ विचारल्यानें तो विचार मुलाच्या डोक्यांत शिरतो, अशी भीति अनेकांना वाटते; ती खरी नाहीं. विचारल्यानें मुलाचा भार हलका होतो. अशा वेळीं त्याला एकटें सोडूं नये व विलंब न लावतां मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावें. ठाण्यास सन १९९० मध्यें डॉ. आनंद नाडकर्णी यांनीं स्थापिलेल्या मानसिक आरोग्याच्या संस्थेसारख्या संस्था महाराष्ट्रांत आहेत. आणि केंद्र सरकारनें १० ऑक्टोबर २०२२ रोजीं सुरू केलेल्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस, विनामूल्य, मराठींतहि उत्तर देतो. हा क्रमांक दूधवाल्याच्या व वाण्याच्या क्रमांकाशेजारीं भिंतीवर लिहून ठेवावा. लोक काय म्हणतील, ही शंका बाजूस ठेवावी. जागतिक आरोग्य संघटना सांगते कीं, माणसाला आयुष्यांत होणाऱ्या मानसिक विकारांपैकीं निम्म्यांचा आरंभ वयाच्या १४ व्या वर्षापर्यंत झालेला असतो. सोळावें वर्ष उजाडण्याची वाट कां पाहूं नये, याचें याहून मोठें कारण आम्हांस ठाऊक नाहीं.

ज्यांना हें सारें एकदम जमणार नाहीं, त्यांनीं येत्या महिन्यांत एवढेंच करून पाहावें. दिवेलागणीला सर्वांनीं मिळून दहा दीर्घ श्वास. जेवतांना गुणांची व शिकवणीची चौकशी आठवड्यांतून निदान चार दिवस बंद. मोबाइल रात्रीं दहानंतर बाहेरच्या खोलींत. आणि मुलाला एक कोरी वही; तींत मनांत असेल तें त्यानें पंधरा मिनिटें लिहावें. असें लिहिल्यानें मनाचा भार उतरतो, याचे प्रयोग जेम्स पेनेबेकर यांनीं सन १९८६ पासून केले आहेत. त्या वहीची अट एकच: ती घरांत कोणींहि उघडावयाची नाहीं. आईनें सुद्धां नाहीं. मुलाच्या वहीवर एवढा विश्वास ठेवणें ज्यांना साधलें, त्यांच्याशीं तीं मुलें सोळाव्या वर्षीं आपण होऊन बोलूं लागतील.